खुळखुळ्याची शाळा

गेवराईच्या मोंढ्यात कापसाचा हंगाम सुरू झाला की घरातील कर्ती माणसे दुकानात गुंततात आणि तान्हुल्यासमोर मोबाइल येतो. बाळ रडायचे थांबते, हे खरे. परंतु मोबाइलवरील गाणे त्याच्या हुंकाराला उत्तर देत नाही. आजी देते. बाळाने ‘अगं’ म्हटले की तीही ‘अगं’ म्हणते, थांबते, त्याच्या पाळीची वाट पाहते. संभाषणाचा पहिला पाठ तो हाच.

कॅनडातील जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी 1984 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद ओळखत. वर्षाची होता होता बहुतेकांची ती ओळख मावळे, कारण तो भेद त्यांच्या कानांवर पडतच नसे. घरात मारवाडी किंवा गुजराती आणि अंगणात मराठी, याची कित्येक मातांना उगाच चिंता वाटते. दोन्ही भाषा जिवंत माणसांच्या तोंडून बाळाच्या कानी पडू द्याव्यात.

नाद हा गणिताचाही गुरू आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आपल्या वाडवडिलांनी तालावर म्हणूनच पाठ केल्या. धान्य मोजणारा मापारी एकाऐवजी ‘लाभ’ म्हणून आरंभ करी व पुढची मापे सुरात मोजी. जवळ खेळणाऱ्या पोराला आकडे त्या सुरासकट मिळत. (अर्थ मागाहून उमगे. नुसत्या घोकंपट्टीची भलावण येथे करावयाची नाही.)

मॉन्टेसरींच्या ध्वनिपेट्या प्रसिद्ध आहेत. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह बालवाड्या चालविल्या, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले वापरले. तसा खेळ घरीही होतो. सारख्या सहा डब्या घ्याव्यात; दोहोंत तूरडाळ, दोहोंत साबुदाणा, दोहोंत नाणी. तीन वर्षांच्या मुलाने हलवून जोड्या लावाव्यात. झाकणे मात्र चिकटवून टाकावीत. दाणा घशात अडकण्याचे भय असते.

या खेळाचा आणखी एक उपयोग आहे. सहा महिन्यांचे बाळ खुळखुळ्याकडे वळत नसेल, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ असे म्हणून दिवस घालवू नयेत. कान वाहत असल्यास त्यात तेल ओतू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तान्हे बाळ काय सांगणार, ही शंका निरर्थक आहे. ‘बेरा’ नावाची श्रवणतपासणी बाळ झोपेत असतानाच करतात.