औषधालयातील संगणक आणि लिनक्सची निवड

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. काही वाढीव मुदतीची सोय त्यावेळी जाहीर झाली. परंतु ती तात्पुरतीच होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक नव्या पिढ्यांचे प्रोसेसर आवश्यक असल्याने, उत्तम चालणारी अनेक यंत्रे केवळ या अटीमुळे बाद ठरली. आपल्या व्यवसायबंधूंच्या टेबलांवर अशी यंत्रे थोडीथोडकी नाहीत. त्यांत रुग्णांची नावे, व्याधींचा इतिहास, औषधयोजना आणि औषधालयाचा हिशेब साठविलेला असतो. सुरक्षा-सुधारणा बंद झालेल्या प्रणालीवर ही माहिती ठेवून इंटरनेट वापरणे म्हणजे केसपेपरांचे कपाट रस्त्यावर उघडे ठेवण्यासारखे आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाल्यानंतर ही जबाबदारी केवळ नैतिक राहिलेली नाही.

यावर उपाय म्हणून अनेकजण लिनक्सकडे वळू पाहतात आणि पहिल्याच पायरीवर अडखळतात. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आर्च अशी नावांची रांग समोर येते. त्यातच सिनॅमन, नोम, केडीई, एक्सएफसीई ही डेस्कटॉपची नावे मिसळतात. वास्तविक यात गूढ काही नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला लिनक्स हा गाभा सर्वत्र एकच आहे. त्याभोवती निरनिराळ्या संस्थांनी आवश्यक प्रोग्राम्सची जी जुळणी केली, तिला जाणकार ‘डिस्ट्रो’ म्हणतात; आणि पडद्यावर दिसणारी मेनू, खिडक्या, चिन्हे यांची मांडणी म्हणजे डेस्कटॉप. गुडूची एकच; परंतु स्वरस, क्वाथ, घन की सत्त्व द्यावे, हे आपण रुग्ण पाहून ठरवितो. येथेही तोच विवेक हवा.

म्हणून ‘सर्वोत्तम लिनक्स कोणते?’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या यंत्रावर रोज बसणार कोण, हे प्रथम विचारावे. बहुतेक ठिकाणी प्रणाली बसवून देतो घरातील एखादा हुशार तरुण, आणि वापरतो मात्र काउंटरवरील सहायक. तरुण स्वतःच्या आवडीची, नवनवीन प्रयोगांना वाव देणारी डिस्ट्रो निवडतो व शिक्षणासाठी परगावी निघून जातो. मागे राहणाऱ्या माणसाला बिल करायचे असते, प्रयोग नव्हे. निवड त्याच्या सोयीने झाली पाहिजे.

डिस्ट्रो निवडताना पहिली कसोटी एकच : तिच्या सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार? उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षांचा नियमित आधार असतो. तिच्यावर आधारलेल्या लिनक्स मिंटची २०२४ साली आलेली २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. डेबियनही असेच धीम्या गतीचे व विश्वासार्ह. याउलट फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिनेच टिकते, तर आर्चमध्ये बदल अखंड येत राहतात. जाणकारांसाठी त्या दोन्ही उत्तम आहेत. परंतु औषधालयात नको. आपल्या सी-डॅकने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही प्रणाली सिद्ध केली आहे. स्वदेशी म्हणून ती घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तिलाही आधाराच्या मुदतीची हीच कसोटी लावावी.

डेस्कटॉपच्या बाबतीत कसोटी परिचयाची. नोमने २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून जुनी मांडणी सोडली. ती सुबक आहे. पण विंडोजची सवय असलेला मनुष्य तेथे खालचा मेनू शोधत बसतो. केडीई प्लाझ्मात हवे ते बदलता येते, आणि म्हणूनच नवख्या हातून नको तेही बदलले जाते. मिंटच्या सिनॅमनमध्ये खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू असल्याने सहायकाला फारसे शिकवावे लागत नाही. यंत्र जुने असून स्मृती चार जीबी वा त्याहून कमी असेल, तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. ती दिसायला साधी, पण हलकी आहे. सर्वसाधारण औषधालयासाठी माझी शिफारस एवढीच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हिशेबाचे व बिलांचे अनेक प्रोग्राम केवळ विंडोजसाठीच बनविलेले असतात. जोडतोड करून ते लिनक्सवर चालविता येतातही; पण हिशेबासारख्या गोष्टीत जोडतोडीवर विसंबू नये. अशा वेळी बिलांसाठी आधार चालू असलेल्या विंडोजचे एक यंत्र ठेवावे आणि चिकित्साकक्षातील यंत्र लिनक्सवर न्यावे. मिंट मूळ प्रणालीला हात न लावता पेनड्राइव्हवरूनही चालते. त्या सोयीने प्रिंटर, स्कॅनर, मराठी टंकलेखन, जीएसटीचे संकेतस्थळ आणि डिजिटल स्वाक्षरी यांची आधी परीक्षा घ्यावी. परीक्षेवाचून योजना नको.

याहून महत्त्वाचा प्रश्न जुन्या नोंदींचा. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये लिहिलेले मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरांसारखे दिसतात. स्थलांतरापूर्वी ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासून घ्यावेत आणि पुढील लेखन इनस्क्रिप्ट कळफलकाने करावे. लिबरऑफिस ज्या ओपन डॉक्युमेंट स्वरूपात मजकूर साठविते, त्याला २००६ साली आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. वीस वर्षांचा रुग्णेतिहास कोणा एका कंपनीच्या प्रोग्राममध्ये अडकून राहू नये, हाच या खटाटोपाचा खरा लाभ होय. प्रणाली बसवितानाच संपूर्ण डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय स्वीकारावा. मात्र तिचा पासवर्ड सुरक्षित जागी लिहून ठेवावा, कारण तो हरवल्यास नोंदीही हरवतात. सर्व नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी, हे तर अपरिहार्यच.

लिनक्स विनामूल्य मिळते, याचा अर्थ खर्च शून्य असा नव्हे. वेळ द्यावा लागतो व जाणकाराला मोबदलाही द्यावा लागतो. म्हणून शेवटची सूचना : एका तालुक्यातील वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी शक्यतो एकच डिस्ट्रो व एकच डेस्कटॉप स्वीकारावा. एकाची अडचण दुसऱ्याने सोडविलेली असेल, तंत्रज्ञही सामायिक ठेवता येईल. आपल्या शाखांनी पुढील बैठकीत हा विषय जरूर घ्यावा. यंत्र कोणाचे अधिक वेगवान, ही स्पर्धा आपली नाही. विश्वासाने सांगितलेली रुग्णाची हकीकत आपल्यापाशी सुरक्षित राहावी, हे कर्तव्य मात्र आपलेच आहे.