उन्हाळ्यातील काळा कोट: सवलत नव्हे, नियम हवा

पुण्यातील वकील, न्यायाधीश व पक्षकार यांच्या विचारार्थ

ज्या शिवाजीनगरात पुण्याचे जिल्हा न्यायालय आहे, त्याच शिवाजीनगरच्या वेधशाळेने एप्रिल 2019 च्या अखेरीस 43 अंश सेल्सिअसच्या घरातील तापमान नोंदवले. तरीही अशा उन्हात वकिलाने काळा कोट घालावा की नाही, हा प्रश्न आजही परिपत्रकांवर आणि ज्या त्या न्यायदालनाच्या रिवाजावर सोडलेला आहे.

कायद्याची दिशा मात्र स्पष्ट आहे. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 49 ने भारतीय विधिज्ञ परिषदेला, म्हणजे वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या देशपातळीवरील संस्थेला, वकिलांचा पोशाख ठरवण्याचा अधिकार देतानाच हवामान लक्षात घेण्यास सांगितले आहे. त्यानुसार झालेल्या नियमांत सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता अन्यत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, आणि गाऊन, म्हणजे कोटावर चढवायचा सैल काळा झगा, तेथे बाराही महिने ऐच्छिक आहे.

उणीव आहे ती या नियमाच्या अर्धवटपणात. उन्हाळा कोणत्या तारखेस सुरू होतो हे नियम सांगत नाही, म्हणून न्यायाधीशांची नाराजी अशिलाला भोवेल या धास्तीने नवखा वकील हक्काची सवलतही वापरण्यास कचरतो; उच्च न्यायालयात तर सवलतच नाही. मे महिन्याची सुट्टी हे यावरचे उत्तर नव्हे, कारण पुण्याचा पारा एप्रिलमध्येच चाळिशी गाठतो आणि फौजदारी न्यायालयांचे काम सुट्टीतही चालते. शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे, आणि बंद कॉलर, कोट व गाऊन यांच्या थरांखाली तो वाळत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये अशी सूट मागणारी याचिका नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने शिष्टाचाराचा मुद्दा पुढे केला. शिष्टाचाराचा आग्रह रास्तच आहे. परंतु तो काळ्या कापडावाचूनही पाळता येतो, हे त्याच न्यायालयाने मे 2020 मध्ये दाखवून दिले, जेव्हा दूरदृश्य सुनावणीसाठी पांढरा सदरा, साडी किंवा सलवार-कमीज आणि बँड, म्हणजे गळ्याशी बांधायच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, एवढा वेश पुरेसा ठरला. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये आपल्या दालनांतही गाऊन ऐच्छिक केला, आणि ज्या देशाकडून हा वेश आला त्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच वकिलांना परस्परसंमतीने तो वर्ज्य करण्याची मुभा दिली. पुण्याचेच वकील गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, यांनी 1872 मध्ये स्वदेशी वस्त्रांचे व्रत घेतले आणि 1879 मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव करणारे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा न्यायालयात बचाव केला. त्यांची प्रतिष्ठा निर्भयतेची होती, पोशाखाची नव्हती.

म्हणून मागण्या तीन:

1. दरवर्षी 1 मार्च ते 30 जून कोट व गाऊन आपोआप ऐच्छिक व्हावेत. पांढरा पोशाख व बँड मात्र कायम राहावेत.
2. हीच मुभा मुंबई उच्च न्यायालयात मिळावी.
3. प्रत्येक न्यायदालनाबाहेर तशी ठळक सूचना लावावी.

पुणे बार असोसिएशनने या मागण्यांचा ठराव करून महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे पाठवावा, आणि ज्येष्ठ वकिलांनी पहिल्या दिवसापासून स्वतः कोटाविना उभे राहावे, म्हणजे कनिष्ठांना परवानगी मागावी लागणार नाही.