पेशीमृत्यूचे छायाचित्र आणि आपले दायित्व

औषधांच्या काही माहितीपत्रकांवर असे वाक्य छापलेले आढळते की, अमुक कल्पाने कर्कपेशींचा नियोजित मृत्यू, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिस घडून येतो. शेजारी हिरव्या-लाल चकाकणाऱ्या पेशींचे छायाचित्र असते. त्या छायाचित्राने नेमके काय सिद्ध होते, याचा विचार वैद्य व औषधनिर्माते या दोघांनीही करणे अगत्याचे आहे.

अ‍ॅपॉप्टोसिस ही संज्ञा केर, वायली व करी यांनी १९७२ साली रूढ केली. पुढे या मृत्यूतील तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकाँड्रियांचा वाटा उघड झाला. त्यांतून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडले की पेशीचा विनाशक्रम सुरू होतो. २००० साली या प्रथिनाला हिरवे चकाकणारे प्रथिन जोडून जिवंत पेशींचे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने चित्रण झाले. एकदा सुरू झालेली ही गळती सुमारे पाच मिनिटांत पूर्ण होते, असे त्यात दिसले. असा निष्कर्ष एका छायाचित्रावर उभा राहत नाही; त्यासाठी कालक्रम लागतो आणि तुलनाही लागते.

आपल्या हरिद्रेचेच उदाहरण घ्या. तिच्यातील कर्क्युमिन निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवट चकाकते, आणि पेशींच्या परीक्षणातील अनेक रंगही हिरवेच चकाकतात. तेव्हा दिसलेला प्रकाश रंगाचा की हळदीचा, हे कसे ठरवावे? रंग न घालता केवळ कर्क्युमिन दिलेल्या पेशी तुलनेस ठेवल्याविना ते ठरविता येत नाही.

चरकसंहितेच्या तिस्रैषणीय अध्यायात प्रत्यक्ष ज्ञानात अडथळा आणणारी कारणे सांगितली आहेत. त्यांपैकी अतिसौक्ष्म्याचा अडथळा सूक्ष्मदर्शकाने बराच दूर केला. समानाभिहाराचा, म्हणजे सारख्यात सारखे मिसळण्याचा अडथळा मात्र परीक्षकाच्या विवेकानेच दूर होतो.

शिवाय काचपात्रात द्रव्य पेशींवर थेट पडते, तर मुखावाटे घेतलेल्या कर्क्युमिनचा अत्यल्प अंशच रक्तात पोहोचतो. हा भेद न सांगता छायाचित्र दाखविले आणि रुग्णाने चालू उपचार सोडले, तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? कर्करोगावरील उपचाराची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने निषिद्ध आहेच. परंतु प्रश्न केवळ कायद्याचा नाही, आपल्यावरील विश्वासाचा आहे.

म्हणून नम्र सूचना अशी की, असे पत्रक हाती येताच वैद्यांनी उत्पादकास तीन प्रश्न विचारावेत : औषध न दिलेल्या पेशी कशा दिसल्या? द्रव्याची स्वतःची चकाकी वगळली होती काय? आणि मात्रा किती होती? उत्तरे मिळेपर्यंत ते पत्रक रुग्णाच्या हाती देऊ नये. आयुर्वेदाची प्रतिष्ठा अशा परीक्षेने उणावणार नाही, वाढेलच.