मोर मेला, आता कुणाला दाखवायचा?

दोन वर्षांमागं मृगाची पेरणी आटोपली आणि आमच्या युसूफ वडगावच्या शिवारात एकाच आठवड्यात तीन मोर मरून पडले. अंगावर जखम नाही, कुत्र्यानं धरल्याची खूण नाही. कुणी म्हणालं, औषध लावलेलं बियाणं खाल्लं. कुणी म्हणालं, कोंबड्यांची मानमोडी लागली. मोर हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे वाघाच्या पंगतीतला पक्षी. हात लावायचीही भीती. रीतसर कळवलं, पंचनामा झाला, जनावरांच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनही केलं. डॉक्टर भला माणूस. हात धुताना म्हणाले, "काका, मी गाई-म्हशींचा माणूस. मोराचं धडधाकट काळीज कसं दिसतं हेच मी फारसं पाहिलेलं नाही, तर बिघडलेलं कसं ओळखू?" नमुने पुढं गेले. अहवाल गावात अजून आलेला नाही.

हे आठवायचं कारण माझा भाचा. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून साडेपाच वर्षांचं शिक्षण पुरं करून पोरगा घरी आला आणि म्हणाला, "मामा, मला पुढं जंगली जनावरांच्या आरोग्याचं शिकायचंय." घरात खडाजंगी. दाजींचं म्हणणं सरळ होतं : "लोक म्हशीच्या बाळंतपणाला पैसे देतात. कोल्ह्याच्या तापाला कोण देणार?"

प्रश्न खोटा नाही. या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर वाटा थोड्या. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत यासाठी वेगळं केंद्र आहे. जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठात वन्यजीव आरोग्याची शाळाच आहे. आपल्या राज्यात पशुविज्ञान विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र नागपूरला, गोरेवाड्यात. म्हणजे मराठवाड्यातल्या पोरानं रात्रभराचा प्रवास करायचा. आणि शिकून आल्यावर? नोकऱ्या व्याघ्र प्रकल्पात, प्राणिसंग्रहालयात. सगळा हिशेब वाघाच्या भोवती. आपल्याकडं वाघ नाही, मग या विद्येचं आपल्याला काय, असं शहाणी माणसंसुद्धा बोलतात.

मला हे पटत नाही. आपल्या जिल्ह्याची लाखो माणसं दरसाल ऊस तोडायला घाटाखाली आणि पश्चिमेकडं जातात. जुन्नर, संगमनेरकडचा ऊस म्हणजे बिबट्याचं घरच. मादी फडातच विते. पाचट बाजूला सारताना पिल्लं पहिल्यांदा दिसतात ती वनरक्षकाला नव्हे, आमच्या बीडच्या कोयत्याला. ती उचलून आणली, गर्दी झाली, की आई बिथरते आणि माणसावर येते. जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रातले पशुवैद्यक काय करतात? पिल्लू तपासतात, दुखापत आहे का बघतात आणि अंधार पडला की जिथं सापडलं तिथंच ठेवतात. मादी येऊन घेऊन जाते. यात पिल्लू वाचतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच फडात उतरणारी टोळीही वाचते. बिबट्या आता आपल्याही दारात आलाय. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात माणसं मेली आणि डिसेंबरात शेजारच्या करमाळ्यात बिबट्याला गोळी घालावी लागली, हे कुणी विसरलेलं नाही.

काळविटाचं बघा. विहिरीत पडतं, पोरं दोर लावून काढतात, फोटो निघतात, टाळ्या पडतात. दोन दिवसांनी ते मरतं. का? पाठलागानं, धरपकडीनं त्याचे स्नायू आतून मोडतात, त्याची घाण मूत्रपिंडात साचते. डोळ्यावर फडकं टाकावं, गोंगाट बंद करावा, ऊन लागू देऊ नये, एवढं कळलं तरी काही जनावरं जगतील. गाईचं शास्त्र इथं पुरत नाही. बेशुद्धीचं औषध द्यायचं तर जनावर तराजूवर उभं राहत नाही. लांबूनच वजनाचा अंदाज घ्यावा लागतो आणि अंदाज चुकला की संपलं.

आता दाजींच्या म्हशीकडं येतो. पूर्वी गावाबाहेर मेलेलं ढोर ओढून टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. माझ्या पिढीनं ती पाहिली, भाच्यानं नाही. गिधाडं कशानं गेली याचा उलगडा २००४ साली झाला. पाकिस्तानात मेलेली गिधाडं पशुवैद्यकांनी फाडून पाहिली तेव्हा मूत्रपिंडं निकामी झालेली, आतड्यांवर पांढरा थर. कारण निघालं डायक्लोफिनॅक, म्हणजे आपण ढोरांना टोचायचो तेच दुखण्यावरचं औषध. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी ते बंद केलं. तोवर गिधाडांच्या तीन जाती शेकडा नव्वदच्या वर संपल्या होत्या. मेलेल्या पक्ष्याचं पोट उघडून ओळखणारा माणूस दहा वर्षं आधी भेटला असता तर?

रोगाला गावकूस नसतं. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्याला कोंबड्या मेल्या आणि त्याच सुमाराला आपल्या पाटोदा तालुक्यात कावळे. दोन्हीकडं बर्ड फ्लू. निदानासाठी नमुने भोपाळला. डिसेंबर २०२४ मध्ये याच रोगानं गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या नेला. केज तालुक्यातच मांजरा धरण आहे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, काठावर परसातल्या कोंबड्या फिरतात. तिथं नजर ठेवायला कोण आहे?

म्हणून माझी मागणी मोठी नाही. परभणी आणि उदगीर, दोन्हीकडं महाविद्यालयं आहेत, रोगनिदानाचे, परजीवींचे विभाग आहेत. तिथं दरसाल एम.व्ही.एस्सी.चे प्रबंध होतात. त्यातले दोन-चार तरी मराठवाड्याच्या रानावर होऊ द्या. नायगावच्या अभयारण्यातल्या मोरांच्या पोटात किती कीटकनाशक आहे? कोल्ह्या-लांडग्यात पिसाळ किती? अडचण परवानगीची. अनुसूचीतल्या प्राण्याचा नमुना घ्यायचा तर वनखात्याची मंजुरी लागते आणि विद्यार्थ्याची मुदत दोन वर्षांची. कायदा कडक असावाच, पण मंजुरीला सहा महिने गेले तर पोरगं विषय बदलून शेळीवर प्रबंध करतं. विद्यापीठ आणि वनखात्यानं एकत्र बसून दरसालची एकच मंजुरी ठरवावी. आणि जिल्ह्याला या विषयातला एक तरी शिकलेला पशुवैद्यक द्यावा. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला लोकांनी आपल्या बळावर जखमी प्राण्यांचं केंद्र उभं केलं आहे; सरकारला तेवढंही जड जाऊ नये.

भाच्यानं प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलाय. दाजी मागच्या आठवड्यात म्हणाले, "दोन वर्षं देतो. पण आधी आपल्या शिवारातले मोर कशानं मेले ते सांग म्हणावं."