यंत्रावरची गोधडी
शिरूर तालुक्यातील केंदूर या संत कान्हूराज पाठकांच्या गावी, आणि त्या अवघ्या कोरडवाहू टापूत, जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक अंथरून, कडेपासून धावदोरा घालीत घालीत मध्यापर्यंत येण्याची गोधडीची विद्या ज्या स्त्रियांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, त्यांच्यापैकी कोणी शिवणयंत्रावर मुक्तहस्त टाके घालावयास बसली, तर तिला नवशिकी म्हणावयास मी धजणार नाही. एरवी कापड पुढे सरकविण्याचा सारा अंमल सुईखालच्या दात्यांकडे असतो. या प्रकारात ते दाते खाली उतरवितात किंवा झाकून टाकतात, रफूचा फूट बसवितात, आणि टाक्याच्या लांबीची संपूर्ण मुखत्यारी शिवणारीच्या दोन तळहातांकडे येते. यंत्र जलद आणि हात मंद पडला की टाके बारीक होऊन एकाच जागी साचतात. हात घाईने ओढला की टाके लांबतात, प्रसंगी सुईच मोडते. टाक्याटाक्यांतील अंतर नजरेने राखण्याचा अभ्यास गोधडीवालीस आधीच असतो. तिला नवे एवढेच, की आता सुई जागच्या जागी राहते आणि कापड फिरते. थर अगोदर कच्च्या टाक्यांनी जखडावेत, बॉबिनचा दोरा वर ओढून दोन्ही टोके धरावीत, फूट खाली सोडावा, नाहीतर उलट्या बाजूस दोऱ्याचा गुंता माजतो. चांगले लुगडे हाती घेण्यापूर्वी वीतभर चौकोनांवर हात बसवावा, आणि घरातील गोधडी शिवणाऱ्या आजीला आग्रहाने शेजारी बसवून घ्यावे.