अजून जेक्वेरी वापरतोस?

हा प्रश्न मला लाजवायचा. त्या लाजेपायी मी एका पतसंस्थेचं जेक्वेरीतलं, नीट चालणारं पान नव्या फ्रेमवर्कमध्ये पुन्हा लिहिलं. तीच बटणं, तेच रकाने. फक्त कॅशियर काकूंच्या जुन्या मोबाइलवर ते उघडेस्तोवर चहा पिऊन व्हायचा. "दादा, आधीचं काय वाईट होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

अपग्रेड म्हणजे प्रगती असं आपण धरून चालतो, तिथंच फसतो. २०१६मध्ये अँग्युलर २ आलं तेव्हा नाव तेवढं जुनं होतं. अँग्युलरजेएसचे कंट्रोलर, स्कोप सगळं गेलं, जुना कोड थेट चालेना. याला घर रंगवणं म्हणतात की पाडून त्याच पाटीखाली दुसरं बांधणं? आणि नव्वदच्या दशकातलं साधं एचटीएमएल आजच्या क्रोममध्येही उघडतं. जुनी पानं मोडायची नाहीत, हे पथ्य ब्राउझरवाले (बऱ्यापैकी) पाळतात.

सुरक्षेच्या दुरुस्त्या लगेच कराव्यात, त्यात वाद नाही. पण बायोडेटात एक शब्द वाढावा म्हणून गिऱ्हाइकाचं चालतं पान मोडायचं? मी तेच केलं होतं. काकूंचं जुनं पान परत चढवलं. बिल लावलं नाही.