सल्ल्याचा व्यापार आणि विकासाची मालकी

परदेशी मदतीचा विचार करताना देणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष आपल्या डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः या दोहोंच्या मध्ये गेल्या अर्धशतकात एक तिसरा पक्ष उभा राहिला आहे. तो विकासाचा सल्ला विकणाऱ्या कंपन्यांचा होय. केमॉनिक्स इंटरनॅशनल या अमेरिकन कंपनीची वाढ या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

१९७५ मध्ये अर्ली इंडस्ट्रीज या उद्योगसमूहाची उपकंपनी म्हणून तिचा जन्म झाला. व्हिएतनाम युद्धानंतर यूएसएड या अमेरिकेच्या सरकारी मदतसंस्थेचा नोकरवर्ग घटत गेला; कामे मात्र घटली नाहीत. शेतीतज्ज्ञ, अभियंते आणि हिशेबनीस शासनाच्या सेवेत उरले नाहीत, तेव्हा ते कंत्राटाने आणणे क्रमप्राप्त झाले. शासन जितके रोडावले तितका कंत्राटदार पुष्ट झाला. २०१५ मध्ये एचआयव्ही, हिवताप आणि कुटुंबनियोजनाची औषधे व साधने अनेक देशांत पोचविण्याचे ९५० कोटी डॉलर मर्यादेचे कंत्राट केमॉनिक्सला मिळाले. यूएसएडच्या इतिहासातील ते सर्वांत मोठे कंत्राट होते. २०१७ च्या आरंभी वेळेवर व पूर्ण पोचणाऱ्या खेपांचे प्रमाण ७ टक्क्यांपर्यंत घसरले. पुढे ते सुधारले हे खरे. परंतु औषधाची वाट पाहणाऱ्या रुग्णाला या दिरंगाईचा जाब विचारण्याची सोय कोठेच नव्हती.

हैतीचे उदाहरण अधिक बोलके आहे. नव्वदच्या दशकात अर्ली इंडस्ट्रीजकडेच अमेरिकन राइस या कंपनीची सूत्रे होती आणि ती हैतीत तांदूळ विकत होती. १९९५ मध्ये हैतीने तांदळावरील आयात जकात ३ टक्क्यांवर आणली, स्वस्त अमेरिकन तांदूळ लोटला आणि तेथील भातशेती मोडीत निघाली. मार्च २०१० मध्ये माजी अध्यक्ष क्लिंटन यांनी या धोरणाबद्दल सिनेटच्या समितीपुढे जाहीर खेद व्यक्त केला. जकात कमी भरावी लागावी म्हणून हैतीतील अधिकाऱ्यांना लाच दिल्याबद्दल अमेरिकन राइसचे दोन अधिकारी अमेरिकेतील न्यायालयात दोषी ठरले. हा दोष केमॉनिक्सच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि एकाच घराण्यात एका हाताने धान्य विकावे आणि दुसऱ्या हाताने शेती सुधारण्याचा सल्ला विकावा, ही व्यवस्थाच विचार करायला लावणारी आहे. २०१० च्या भूकंपानंतर हैतीतील शेतीविकासाचा मोठा कार्यक्रम केमॉनिक्सच्याच हाती होता. मोन्सँटोने देणगी दिलेले संकरित बियाणे त्यातून वाटले जाऊ लागले, तेव्हा त्या वर्षीच्या जून महिन्यात हजारो शेतकरी मोर्चाने रस्त्यावर आले. आमच्या शेतात काय पेरावे हे आम्हांला न विचारता कोण ठरवितो, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न वॉशिंग्टनलाही टाळता आला नाही. २०२१ मध्ये यूएसएडने निधीचा २५ टक्के भाग २०२५ पर्यंत थेट स्थानिक संस्थांना देण्याचा संकल्प सोडला. २०२३ साली तो ९.६ टक्क्यांवर होता. निविदांच्या अटी, इंग्रजीतील अहवाल आणि हिशेबाचे अवाढव्य कागद यांची तटबंदी अशी असते की, तीत आधीच बसलेल्यालाच प्रवेश मिळतो.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने ही मदत एका आदेशानिशी थांबविली आणि १ जुलै २०२५ पासून यूएसएडचे स्वतंत्र अस्तित्व संपले. केमॉनिक्सने शेकडो कर्मचाऱ्यांना घरी बसविले आणि इतर संस्थांसह न्यायालयात धाव घेतली. औषधे गोदामांत आणि वाटेत अडकून पडली. डाव्या विचाराच्या काही मित्रांना यात साम्राज्यवादाचा पराभव दिसला. आम्हांला तसे वाटत नाही. कंत्राटदार बुडाला म्हणून आफ्रिकेतील रुग्णाच्या हाती सत्ता आली नाही. त्याच्या हातची गोळी तेवढी गेली. दुसऱ्याच्या तिजोरीवर आणि तिसऱ्याच्या यंत्रणेवर उभारलेले सार्वजनिक आरोग्य किती ठिसूळ असते, एवढेच यातून सिद्ध झाले.

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता येणार नाही. २०१५ मध्ये पुणे महापालिकेने स्मार्ट सिटीचा आराखडा करण्यासाठी मॅकिन्झी या कंपनीला नेमले होते. नगररचनाकार आणि अभियंते यांच्या जागा भरावयाच्या नाहीत आणि मग कौशल्य नाही म्हणून सल्लागार आणावयाचा, हे चक्र आपल्याही परिचयाचे आहे. तज्ज्ञ नकोत असे समाजवादी कधीच म्हणणार नाही. परंतु तज्ज्ञाने शिकवून जावे, ठाण मांडून बसू नये. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगावी तीन मागण्या धरून बसावे: प्रत्येक सल्लागाराचा करार व अहवाल मराठीत लोकांपुढे यावा, त्याच्या कामाची चर्चा ग्रामसभेत वा निर्वाचित सभागृहात व्हावी आणि त्याची मुदत संपण्यापूर्वी ते काम करणारा शासकीय नोकरवर्ग तयार व्हावा. ज्याला लोकांनी निवडले नाही आणि ज्याला लोक काढू शकत नाहीत, त्याच्या हाती लोकांचे भवितव्य सोपविणे याला विकास म्हणता येणार नाही.